हसविणाऱ्याचे चरित्र

ज्येष्ठ महिना सरत आला की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील रस्त्यांना निराळेच तेज चढते. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पुढे सरकते. बेलवाडीच्या माळावर गोल रिंगण होते. निमगाव केतकी आणि इंदापूर करीत पालखी सराटीला पोहोचते आणि नीरा ओलांडून अकलूजच्या वाटेला लागते. याच सुमारास, १२ जून रोजी, पु. ल. देशपांडे यांचा स्मृतिदिन येतो. वारी आणि हा स्मृतिदिन यांचा वरवर पाहता काहीच संबंध नाही. पण या दोघांच्याही जीवनावर मराठीत चित्रपट निघाले. एक ‘प्रभात’ने १९३६ साली काढला, दुसरा २०१९ साली आला. पहिला नव्वद वर्षांच्या उंबरठ्यावरही घराघरांत श्रद्धेने पाहिला जातो. दुसरा पाहताना प्रेक्षक पोटभर हसले, पण बाहेर पडताना अनेकांच्या मनात एक रुखरुख राहिली. ती रुखरुख नेमकी कशाची होती, याचा विचार वाद शमल्यानंतरच नीट होऊ शकतो.

महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ हा चित्रपट दोन भागांत प्रदर्शित झाला. पूर्वार्ध ४ जानेवारी २०१९ रोजी आला आणि उत्तरार्ध ८ फेब्रुवारीला. पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, म्हणजे ते त्यांचे जन्मशताब्दीचे वर्ष होते. सागर देशमुख यांनी पुलं उभे केले, इरावती हर्षे यांनी सुनीताबाई. रुग्णालयातील अखेरच्या दिवसांच्या चौकटीत आठवणी उलगडत जातात आणि त्या आठवणींतून एक खेळकर, हजरजबाबी, मैफली रंगविणारा पुरुषोत्तम समोर येतो. अभिनयाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. परंतु पूर्वार्ध झळकताच आक्षेपही सुरू झाले. पुलंच्या हाती सारखी सिगारेट आणि पेला कशासाठी? संगीतक्षेत्रातील ज्या थोरांच्या नुसत्या नावाने रसिक कानाची पाळी धरतात, त्यांना मद्याच्या बैठकीत दाखवून काय साधले? काहींनी हा अवमान मानला, तर काहींनी कलावंताला देव करू नका असे बजावले. दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले आणि महिन्याभरात सारे शांत झाले.

या वादात दोन्ही पक्षांचे थोडे थोडे चुकले. चरित्रनायकाचे दोष दाखवूच नयेत, हा आग्रह टिकणारा नाही. पुलंनी स्वतःला कधी संत म्हणवून घेतले नाही. त्यांच्या घरातील व्यक्तीनेच त्यांच्याविषयी सर्वांत परखड शब्द लिहून ठेवले आहेत. सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली, पुलं हयात असताना प्रसिद्ध झाले. उभ्या महाराष्ट्राचा लाडका माणूस संसारात कसा बेफिकीर असू शकतो, हे तिने सांगितले. बेचाळीसच्या लढ्यात उतरलेल्या या मानी स्त्रीला भीड कशी ती ठाऊक नव्हती. त्या पुस्तकाने अनेक वाचक दुखावले होते. पण त्यातला कठोरपणा खपून गेला आणि पुस्तक मराठीत ठामपणे उभे राहिले, याचे कारण एकच आहे. दोष सांगणाऱ्या त्या लेखणीने त्या माणसाच्या कामासाठी स्वतःचे अर्धे आयुष्य वेचले होते. तिच्या तागडीत दोन्ही पारडी होती.

चित्रपटाविषयीची रुखरुख येथेच आहे. पेला दाखविला, याचे दुःख नाही. पेल्याच्या पलीकडचे पारडे त्याच्या तोलाचे वाटले नाही, याचे आहे.

मद्य आणि विनोद एकत्र कसे आणावेत, हा प्रश्न मराठीला नवा नाही. राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुलंचा जन्म झाला. ‘बाळकराम’ या टोपणनावाने महाराष्ट्राला हसवणारा हा लेखक आजाराने पोखरला गेला आणि अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. ‘एकच प्याला’त दारू जितकी दिसते, तितकी कुठल्याही मराठी चित्रपटात क्वचितच दिसली असेल. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ प्रेक्षकाला खदखदून हसवतात. पण त्याच नाटकात सिंधूच्या घरातील चूल विझत जाते, आणि मघाच्या आपल्याच हसण्याची प्रेक्षकाला लाज वाटू लागते. गडकऱ्यांवर कोणीही मद्याचे उदात्तीकरण केल्याचा आरोप केला नाही. पेला दाखवूनही त्याचा हिशेब त्यांनी चुकविला नव्हता.

पुलंच्या आयुष्यात तर हा हिशेब प्रत्यक्षच पूर्ण झालेला आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अवचटांनी लिहिलेले वाचून पुलं आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले होते आणि त्या कामाला आरंभीचे आर्थिक बळ त्यांनी दिले. त्यानंतर हजारो कुटुंबांना तेथून आपला मुलगा, भाऊ, पती परत मिळाला. ज्या माणसाच्या हातातील पेल्यावरून २०१९ साली एवढे रण माजले, त्याच हाताने व्यसनातून माणसे सोडविणाऱ्या कामाची पायाभरणी झाली होती. त्या वादात ही गोष्ट सर्वांत आधी आठवायला हवी होती. चाहत्यांनी ती पुढे करायला हवी होती आणि पटकथाकाराला तर तिच्याहून नाट्यमय प्रसंग शोधूनही सापडला नसता.

विनोदी लेखकाचे चरित्र पडद्यावर आणताना एक मोह टाळता येत नाही. त्याच्या कोट्या तयारच असतात. त्या एकापुढे एक मांडल्या की चित्रपटगृह हसते, आणि हसणाऱ्या गर्दीत लेखक मात्र हरवून जातो. पुलंच्या बाबतीत हा धोका अधिक मोठा, कारण त्यांची वाक्ये लोकांना पाठ आहेत. प्रेक्षक पडद्यावर नवा माणूस शोधायला जातच नाही. आपल्या ओळखीचे वाक्य कधी येते, याची तो वाट पाहत बसतो.

पण ते वाक्य ज्या आयुष्यातून आले, ते आयुष्य काही विनोदी नव्हते. वडील अकाली गेले आणि गाण्याच्या शिकवण्या करून, मिळेल ती नोकरी धरून घर चालवावे लागले. पहिल्या पत्नीचे लग्नानंतर अल्पावधीतच निधन झाले. पुढे १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत सुनीताबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला आणि बरोबर चौपन्न वर्षांनी, त्याच तारखेला पुलं गेले. चित्रपटसृष्टीत त्यांनी उमेदीची वर्षे घातली. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे सारे त्यांचे होते. चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला आणि त्यानंतर लवकरच पुलं त्या दुनियेतून बाहेर पडले. अखेरच्या वर्षांत कंपवाताने त्यांना घेरले. पेटीच्या पट्ट्यांवर लीलया फिरणारी बोटे थरथरू लागली. या सगळ्याचे भांडवल पुलंनी कधी केले नाही. त्यांचे दुःख त्यांच्या पात्रांत जाऊन बसले. घरात वीज आली तर उजेडात आपले दारिद्र्यच दिसेल, म्हणून ती नाकारणारा अंतू बर्वा वाचून ज्याला केवळ हसू येते, त्याने तो वाचलेला नाही. ‘बटाट्याची चाळ’ हसतखेळत सुरू होते आणि एका मोडत चाललेल्या जगाच्या चिंतनावर येऊन थांबते. विनोदाच्या तळाशी असलेली ही करुणा पडद्यावर आणणे अवघड खरेच. पण हसविणाऱ्याच्या चरित्रपटाची खरी कसोटी तीच आहे.

हे अवघड काम जमणारच नाही, असे नाही. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ साली भारताने ऑस्करसाठी पाठविला. दादासाहेब फाळके यांच्या जीवनावरील हा चित्रपट पहिल्या दृश्यापासून हसवतो. तरीही घरातील वस्तू विकल्या जात आहेत, डोळ्यांवर संकट येत आहे आणि एक कुटुंब एका वेडापायी सर्वस्व पणाला लावत आहे, हे प्रेक्षक क्षणभरही विसरत नाही. चित्रपट हसत राहतो आणि फाळक्यांचे मोठेपण आपोआप वाढत जाते.

परदेशातही असे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत ‘नॅशनल लॅम्पून’ या विनोदी मासिकाचा एक संस्थापक डग केनी याच्या जीवनावर २०१८ साली एक विनोदी चरित्रपट निघाला. केनीही गडकऱ्यांप्रमाणेच तेहतिसाव्या वर्षी गेला. यश, पैसा आणि अमली पदार्थ यांच्या गर्तेत सापडलेला हा तरुण १९८० साली हवाई बेटांवर कड्यावरून पडून मृत्युमुखी पडला. चित्रपटात त्याची कथा सांगतो तो म्हातारा केनी, म्हणजे जे वार्धक्य त्याला लाभलेच नाही, त्या वार्धक्यातला केनी. शिवाय आपण कुठे कुठे वास्तव बदलले, हे चित्रपट थट्टेच्या सुरातच प्रेक्षकाला सांगून टाकतो. त्या चित्रपटातील स्वैर वातावरण भारतीय कुटुंबांना रुचणारे नाही. पण हा प्रामाणिकपणा घेण्याजोगा आहे. कल्पनेचे स्वातंत्र्य घेणाऱ्याने ते घेतल्याचे सांगावे. ‘भाई’च्या वेळी जे थोर गायक दुखावले गेल्याची भावना झाली, ते उत्तर द्यायला या जगात नव्हते. मृतांच्या तोंडी शब्द घालताना आणि हाती पेला देताना, कोणता प्रसंग घडलेला व कोणता रचलेला याची कबुली दिली असती, तर निम्मा वाद उद्भवलाच नसता.

आणि ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’? दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांचे चरित्र दाखविताना हास्य वर्ज्य मानले नाही. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम नामात रंगलेला असतो आणि गौरीची जिजाई चूल पेटत नाही म्हणून त्याला फैलावर घेते, विठोबालाही जाब विचारते. प्रेक्षक हसतो, पण तुकोबांना कोणी हसत नाही आणि जिजाईलाही नाही. दुष्काळ, कर्ज, भुकेली मुले हे सारे त्या हास्याच्या मागे उभे असते. संसाराचा भार वाहणारी ती बाई आपल्या ओळखीची वाटते आणि तिच्यामुळे तुकोबांची विरक्ती खरी वाटते. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मराठी न समजणाऱ्यांनाही तो कळला तो या माणुसकीमुळेच. भक्ती आणि विनोद, दोष आणि थोरवी एकाच घरात कशी नांदतात, हे दाखविण्याचा धडा मराठी चित्रपटाने फार पूर्वीच घालून दिलेला आहे. तो विसरला गेला, एवढेच.

बारामती आणि इंदापूरला या विषयाशी आणखी एक जवळचे नाते आहे. कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहून मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) आपली अफाट काव्यरचना केली. त्यांच्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९०८ साली ल. रा. पांगारकरांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याचे नाव ठेवले ‘मोरोपंत : चरित्र आणि काव्यविवेचन’. नावातच एक शहाणपण आहे. लेखकाचे आयुष्य आणि त्याचे लेखन सोबतच मांडावे लागते. एकाला सोडून दुसऱ्याकडे पाहिले की उरतात त्या केवळ आख्यायिका किंवा कुचाळक्या. पुलंवरील पुढच्या चित्रपटकाराने हा एवढा नियम पाळला तरी पुरे.

याच पट्ट्याच्या टोकाला, नीरेपलीकडे अकलूज आहे. द. मा. मिरासदार यांचा जन्म तेथला, १९२७ सालचा. ग्रामीण माणसाचा बेरकीपणा, भाबडेपणा, आळस आणि शहाणपण त्यांनी ज्या बारकाव्याने टिपले, ते वाचताना या भागातील वाचकाला आपल्याच गावचा पार दिसतो. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह मिरासदारांनी कथाकथनासाठी महाराष्ट्र पालथा घातला. ज्या गावात नाटक कंपनी जात नव्हती, तेथेही हे तिघे गेले आणि केवळ आवाजाच्या बळावर हजारोंना खिळवून ठेवले. आज तिघेही नाहीत. मिरासदार २ ऑक्टोबर २०२१ रोजी गेले. मास्तरकी करीत, एस.टी.ने फिरत, मध्यमवर्गीय संसार सांभाळत महाराष्ट्राला हसविणाऱ्या अशा लेखकावर कोणी चित्रपट काढला आहे काय? त्याच्या आयुष्यात मद्य नाही, घोटाळे नाहीत, वादळे नाहीत. मग पटकथेला काय उरते, असे कोणी विचारील. उरतो तो एका सज्जन माणसाचा आयुष्यभराचा उद्योग. तो पडद्यावर आणण्याचे धाडस ज्या दिवशी मराठी दिग्दर्शक करील, त्या दिवशी चरित्रपट प्रौढ झाला असे म्हणता येईल.

दोष केवळ चित्रपटकारांच्या पदरात टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. विनोदी लेखकाने सदैव हसवावे, ही अपेक्षा समाजाचीच असते. तो आजारी असला तरी भेटायला गेलेल्या माणसाला त्याच्याकडून एखादी कोटी हवी असते. तो गंभीर बोलू लागला की लोक अस्वस्थ होतात. १९७५ साली देशावर आणीबाणी लादली गेली तेव्हा पुलं उघडपणे विरोधात उभे राहिले आणि १९७७ च्या निवडणुकीत लोकशाहीसाठी गावोगाव सभा घेत फिरले. विनोदी लेखकाने राजकारणात कशाला पडावे, असे तेव्हाही अनेकांना वाटले होते. पुलं ज्या विचारांच्या वातावरणात वाढले ते राष्ट्र सेवा दलाचे. तरीही आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या सर्वच पक्षांच्या, सर्वच विचारांच्या घरांना त्या सभांनी धीर दिला, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. ज्याने आयुष्यभर हसविले, तो प्रसंगी ताठ उभा राहतो, याचा अर्थ त्याचे हसविणेही गंभीरपणेच चालले होते. हा पुलं लोकांच्या स्मरणात किती आहे? ध्वनिफितींवरच्या टाळ्यांत तो ऐकू येत नाही.

याच बरोबर त्यांच्या दातृत्वाचाही विसर पडू देता कामा नये. पुस्तकांचे मानधन आणि प्रयोगांचे उत्पन्न पुलं-सुनीताबाईंनी प्रतिष्ठानाच्या द्वारे शाळा, ग्रंथालये आणि सामाजिक संस्था यांच्याकडे वळविले. त्याचा काटेकोर हिशेब सुनीताबाईंनी ठेवला. लोकांना त्या कठोर वाटत, ते या हिशेबीपणामुळेच. पण एक रुपयाही वाया जाऊ न देणारी ती कठोरता नसती, तर पुलंचे औदार्य चार मैफलींतच संपून गेले असते. देणारा हात आणि जपणारा हात अशी ही जोडी होती. आजच्या तरुण जोडप्यांना या संसारातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांचे मतभेदही त्यात आलेच.

तेव्हा काय करावे? ‘भाई’ पाहू नये असे कोणी म्हणणार नाही. जरूर पाहावा, मुलांना घेऊन पाहावा आणि नंतर घरी त्यावर बोलावे. कोणता प्रसंग खरा वाटला, कोणता खटकला, का खटकला, हे मुलांना विचारावे. मग कपाटातले ‘व्यक्ती आणि वल्ली’ काढावे आणि त्यातील एक प्रकरण रात्रीच्या जेवणानंतर मोठ्याने वाचावे. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या ग्रंथालयात हे पुस्तक नाही, असे होणार नाही. वालचंदनगरच्या वसाहतीत, भिगवणच्या बाजारपेठेत, निमगावच्या वाड्यावस्त्यांत आजही अशी घरे आहेत, जेथे आजोबांना पुलंचे पानच्या पान मुखोद्गत आहे आणि नातवाने मात्र त्यांना केवळ मोबाईलवरच्या तुकड्यांत पाहिले आहे. त्या दोघांना एका चटईवर बसविणे, हे चित्रपटापेक्षा मोठे काम आहे आणि त्याला तिकीट लागत नाही. गणेशोत्सवातील मंडळांनी एक संध्याकाळ कथाकथनाला द्यावी. बारामतीच्या सभागृहाला गदिमांचे नाव आहे. त्या नावाच्या सावलीत पुलं आणि मिरासदार यांच्या कथा तरुणांच्या तोंडून ऐकू आल्या, तर त्यासारखे औचित्य नाही. मिरासदारांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी अजून आहे. तिच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे काम शाळा-महाविद्यालयांनी आजच हाती घ्यावे, कारण उद्याचा चरित्रकार त्याच नोंदींवर विसंबून राहणार आहे. त्या नसतील, तर तो ऐकीव किश्श्यांवर पटकथा रचील आणि मग पुन्हा आक्षेप, पुन्हा वाद आणि पुन्हा तीच रुखरुख वाट्याला येईल.

पालखी पुढच्या वर्षीही याच रस्त्याने येईल. रात्रीच्या मुक्कामी भारुडे होतील आणि सोंगे पाहून दमलेले वारकरी मनमुराद हसतील. नाथांच्या त्या भारुडांत हसू आहे आणि हसण्याच्या पोटात बोध आहे, हे तेथील अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या म्हातारीलाही कळते. मराठी विनोदाचा उगम तेथला आहे. पुलंसारख्या लेखकाने त्याच परंपरेचे देणे फेडले. त्यांचे चरित्र सांगताना तेवढी जाण ठेवणे, हे पडद्यामागच्यांचे आणि पडद्यासमोरच्यांचे सारखेच कर्तव्य आहे.